एकटा कुत्रा आणि त्याचे दात

निपाणी परिसरात अनेक घरी विड्या वळल्या जातात. तेथे एकट्या राहिलेल्या कुत्र्याने वहाण कुरतडली, तर नुकसान थोडके. पण सुपातला तंबाखू खाल्ला, तर त्यातील निकोटीन त्याच्या जिवावर बेतू शकते. सूप उंच फळीवर ठेवावे, हे आधी.

४ ते ६ महिन्यांचे पिल्लू दात बदलताना चावतेच. मोठा कुत्रा दाराची चौकट कुरतडीत असेल, तर ती बहुधा एकटेपणाची भीती असते. धनी परतून मारतो. कुत्रा त्या माराचा संबंध कुरतडण्याशी नव्हे, धन्याच्या परतण्याशी जोडतो आणि अधिकच धास्तावतो. त्यापेक्षा निघण्यापूर्वी त्याला भरपूर फिरवावे, टणक रबराचे खेळणे द्यावे, आणि प्रथम दोन मिनिटे, मग पाच, अशी एकांताची सवय लावावी. शिजवलेले हाड मात्र देऊ नये. त्याच्या कपच्या आतड्यात रुततात.