ठोक्यांचा हिशेब

मराठी माणसाच्या काळजाचा ठोका उठल्यासुटल्या चुकत असतो. पूर्वी दारात तारवाला उभा राहिला की चुकायचा, आता रात्री दोनला फोन वाजला की चुकतो. पण ज्याचा ठोका ईसीजीच्या कागदावर खरोखरच चुकलेला असतो, त्याच्यापुरता तो वाक्प्रचार राहत नाही. ते निदान होते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटासा पेशीसमूह असतो. तो विजेची सूक्ष्म लहर सोडतो आणि हृदय आकुंचन पावते. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० वेळा, आयुष्यभर, एकही किरकोळ रजा न घेता. वय झाले की कधी हा समूह थकतो, कधी लहर खाली पोचवणारी वाट बिघडते. नाडी ३५-४०वर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस उभ्या जागी कोसळतो. मग कॉलरबोनखाली, बहुधा डाव्या बाजूला, काडेपेटीएवढे यंत्र बसवतात. तेवढी जागा बधिर करतात, शिरेतून तारा हृदयात सोडतात, आणि तासा-दीड तासात काम संपते. माझे असेच संपले. टाक्यांची जखम आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. मनाला जास्त वेळ लागतो, आणि डिस्चार्ज कार्डावर त्याचा रकाना नसतो.

घरी आल्यावर पहिला त्रास रात्रीचा. दिवसा माणसे असतात, वर्तमानपत्र असते. रात्री दिवा मालवला की अंथरुणात तुम्ही आणि ते यंत्र. तार निसटली तर? बॅटरी संपली तर? आणि हे प्रश्न एकट्या रुग्णाचे नसतात. आमच्याकडे मध्यरात्री शेजारून हलक्या आवाजात विचारणा होई, "अहो, झोपलात का?" मी म्हणे, "झोपलो होतो." मग दोघेही पहाटेपर्यंत जागे.

समाचाराला येणारी मंडळी भीतीत आपापली भर घालतात. एक म्हणतो मिक्सर लावू नका, दुसरा म्हणतो मोबाइलला हात लावू नका. खरी पथ्ये मोजकी आहेत. मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा नाही, यंत्रापासून वीतभर लांब आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला धरायचा. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट अंतर राखायचे. एमआरआय सांगितला तर आधी पेसमेकरचे कार्ड दाखवायचे, आणि विमानतळावरही ते जवळ बाळगायचे. मिक्सर, मायक्रोवेव्ह, टीव्ही खुशाल वापरावेत. त्या बाजूचा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचे नाही. पण भीतीपोटी पुष्कळजण हात छातीशी बांधल्यासारखा धरून बसतात, आणि महिन्याभराने खांदा आखडतो. खांद्याच्या खालच्या हालचाली करायलाच हव्यात.

खरी गोम नाडीत आहे. एकदा बोट मनगटावर गेले की ते तिथून निघत नाही. जिना चढल्यावर नाडी ११० लागते आणि यंत्र बिघडले असे वाटून घाम फुटतो. घाबरल्याबरोबर शरीरात अॅड्रेनलिन सुटते, नाडी आणखी पळते, श्वास उथळ होतो, छाती भरून येते. या खुणा हृदयविकारासारख्याच दिसतात, म्हणून भीती पुन्हा वाढते. चक्रवाढ व्याजच हे, मुद्दल नसतानाही वाढणारे.

मला या बाबतीत जुनी नोकरी उपयोगी पडली. बचत खात्यातली किमान शिल्लक आपल्याला ठाऊक असते. पेसमेकर हा किमान शिल्लक राखणारा कारकून. डॉक्टरांनी त्याला समजा ६०चा आकडा सांगितलेला असतो. हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेवर पडला की तो गप्प राहतो, नाही पडला की आपल्याकडून भरतो. खात्यात जास्त जमा झाले तर ते अडवणे त्याचे काम नाही. तेव्हा जिन्यावरचे ११० हा त्याचा दोष नव्हे, ते जिवंत हृदयाचे लक्षण. उलट मनगटावर कधी ५६ भरले, तरी लगेच धसका घेऊ नये. एखादा अवेळी, हलका ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही, आणि मोजणीत घट दिसते.

बँकेत रोकड सकाळी काढताना मोजतात आणि संध्याकाळी ठेवताना मोजतात. मधे दर अर्ध्या तासाला कोणी स्ट्राँगरूम उघडत नाही. उघडली तर काऊंटर बंद पडेल. नाडीचेही तसेच. डॉक्टरांनी सांगितली असेल तर दिवसातून एकदा, ठरल्या वेळी मोजावी आणि वही मिटावी.

या यंत्राची जन्मकथा धीर देणारी आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. डॉक्टर ओके सेनिंग, यंत्र बनवणारे रुने एल्मक्विस्ट. साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली होती. ते यंत्र काही तासांतच बंद पडले, मग दुसरे बसवले. लार्सनना आयुष्यात वीसहून जास्त पेसमेकर लागले. सर्जन आणि इंजिनिअर दोघांच्याही मागे ते जगले, आणि २००१ साली, ८६व्या वर्षी गेले ते कर्करोगाने. आजची बॅटरी बहुधा आठ-दहा वर्षे चालते, ती एकाएकी दगा देत नाही. तपासणीत तिची उरलेली मुदत आधीच कळते.

तरीही भीती आली तर? श्वास सावकाश घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा, दहा वेळा. रात्रीचे प्रश्न कागदावर उतरवून पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवावेत. रोज थोडे चालावे. ताप, जखमेवर लाली, सूज किंवा स्राव, चक्कर, धाप, न थांबणारी उचकी यांपैकी काही असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तसे काही नाही, आणि तरी आठवडेच्या आठवडे झोप नाही, बाहेर पडवत नाही, असे असेल तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२पासून आहे. छातीत यंत्र बसवून घ्यायला जो लाजला नाही, त्याने इथे का लाजावे?

शेवटी एक प्रश्न, जो कुणी मोठ्याने विचारत नाही. हे यंत्र असताना मरण येणार कसे? ते सुखाने येते. स्नायूच निवला की विजेची लहर त्याला हलवू शकत नाही. पेसमेकर मरण अडवत नाही, फक्त ठोका न पडल्यामुळे येणारे अकाली मरण टाळतो. मात्र दहनापूर्वी यंत्र काढून घ्यावे लागते, कारण आगीत बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. हे घरच्यांना ठाऊक हवे. मी सांगितले तेव्हा बायको म्हणाली, "काय अभद्र बोलता हो भरल्या घरात!" मग उठली, आणि दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर, ते नीट लिहून ठेवले. त्या रात्री कोणी कोणाला झोपलात का म्हणून विचारले नाही.