महाडमार्गे तारकर्ली

आपल्या युवक गटातील मुले-मुली येत्या हिवाळ्यात तारकर्लीला जाणार, शिडाच्या होडीत बसणार आणि समुद्राच्या पाण्याखाली उतरणार, ही बातमी विहारात वंदनेनंतर सांगण्यात आली तेव्हा निम्म्या पालकांचे चेहरे उतरले. "पोहता येत नाही अन् समुद्रात कशाला?" असे एक आजी स्पष्टच बोलल्या. प्रश्न रास्त आहे. म्हणून मुले तेथे नेमके काय करणार, हे पालकांसाठी लिहीत आहे.

आपल्या मुलांना पोहता का येत नाही, हेही विचारले पाहिजे. माझ्या वडिलांच्या गावी आपल्या माणसाला विहिरीच्या काठावर चढता येत नसे. वरून कोणी पाणी ओतले तर ते भांड्यात घ्यायचे. जेथे पाण्याला हात लावायची बंदी, तेथे उडी मारायला कोण शिकवणार? वडील शिकले नाहीत, मीही शिकलो नाही. मुठेच्या आणि कालव्याच्या इतक्या जवळ राहूनही पाण्याची भीती आमच्या घरात वारशाने आली.

म्हणूनच गाडी ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून महाडला थांबणार आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत आपले कोणी तेथे पोहोचले नव्हते. पुढे कोर्टकचेरी होऊन उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. मुलांनी आधी ते पाणी पाहावे, मग समुद्र पाहावा.

तसा समुद्र बौद्धांना परका नव्हता. सोपारा हे मोठे बंदर. तेथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना मिळाला. सोपाऱ्याच्या पूर्ण या व्यापारी भिक्खूच्या कथेतले जहाज अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगवलेले आहे.

आता बुडीविषयी. पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो असे बहुतेकांना वाटते. तसे नाही, त्यात आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे पहिला त्रास कानांना होतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलली की पडदा मोकळा होतो. सर्दी असेल तर हे जमत नाही, म्हणून सर्दी झालेल्याने उतरायचे नाही. दमा, फिट्स किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तर नाहीच.

सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. डोके पाण्यात गेले की श्वास रोखणे हा आपला स्वभाव. येथे तोच घातक. १० मीटर खोलीवर छातीत भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून संथ श्वास घेत, सोडत, सावकाश वर यायचे. पहिल्या बुडीत प्रशिक्षक मुलाला धरूनच असतो, त्यासाठी पोहता येण्याची अट नसते. खाणाखुणा मात्र पाठ हव्यात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' नव्हे, 'मला वर न्या' असा होतो! ठीक असल्यास अंगठा व तर्जनीचे वर्तुळ करून दाखवायचे.

शिडाची होडी कर्लीच्या खाडीत, एका जुन्या तांडेलाबरोबर. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री ती निवली की जमिनीकडून मतलई वारे सुटतात. पहाटे मतलईवर बाहेर पडायचे, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, हा कोळ्यांचा जुना हिशोब. मुलांनी शाळेत भूगोलात पाठ केले, आता शिडावर पाहतील. सिंधुदुर्ग किल्ल्यावरच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरीही त्यांना दाखवायच्या आहेत.

पालकांची भीती खोटी नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाची चौदा मुले बुडाली. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले. तेव्हा बोटीत पाय ठेवण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट अंगावर, बंद लावलेले हवे. मांडीवर ठेवलेले नव्हे. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे ते विचारायचे, डोकी मोजायची, जास्त असतील तर उतरायचे. पैसे गेले तरी चालतील. विम्याची पावती मी स्वतः तपासणार आहे. बँकेतल्या माणसाची ही खोड समजा.

एक बदल मी आग्रहाने करून घेतला. दुपारी बुडी मारून त्याच रात्री घाट चढून परतायचे असा मूळ बेत होता. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात जादा विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. एका बुडीनंतरही निदान १२ तास विमानात बसू नये असे सांगतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. उथळ बुडीत धोका थोडा, पण मुले दुसऱ्यांची आहेत. तेव्हा एक मुक्काम वाढला आहे आणि माणशी खर्चही.

ज्यांना तो झेपणार नाही त्यांनी संकोच न करता कार्यकारिणीला सांगावे. संमतिपत्रे रविवारी वंदनेनंतर घेतली जातील. त्या आजींनी नातीच्या पत्रावर अंगठा उठवला आहे, मात्र जाकीट आधी विहारात आणून दाखवा अशी अट घातली आहे. ते आणायचे मी कबूल केले आहे.