गाणाऱ्याचा आवाज राहून गेला, आणि…

मुलांनो, गाण्यातून गाणाऱ्याचा आवाजच काढून टाकला तर उरेल काय? "काहीच नाही!" असं आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ओरडून सांगितलं. जमैकाच्या लोकांचं उत्तर मात्र वेगळं होतं.

जमैका हा कॅरिबियन समुद्रातला छोटासा बेट-देश, १९६२ साली स्वतंत्र झालेला. राजधानी किंग्स्टन. तिथल्या गरीब वस्त्यांत घरोघरी रेकॉर्ड प्लेअर कुठून असणार? मग मोकळ्या जागेत कपाटाएवढाले स्पीकर रचायचे, रेकॉर्ड लावायची आणि सगळ्यांनी नाचायचं. याला म्हणत 'साउंड सिस्टिम'. त्यांच्यात चुरस तर विचारू नका! दुसऱ्याकडे नाही ती रेकॉर्ड आपल्याकडे हवी.

साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी रुडी रेडवूड नावाच्या साउंड सिस्टिमवाल्यासाठी स्टुडिओत एक तबकडी कापली जात होती. त्या वेळी गायकाचा आवाज घालायचाच राहून गेला. दुसऱ्या कुणी ती फेकून दिली असती. रुडीने आधी नेहमीचं गाणं वाजवलं आणि पाठोपाठ ही बिनआवाजाची तबकडी लावली. झालं! जमलेले लोक स्वतःच गाऊ लागले.

या युक्तीची कला केली ती ऑस्बोर्न रडॉक या माणसाने. लोक त्याला 'किंग टबी' म्हणत. हा काही गायक-वादक नव्हे, तर रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. घरातल्याच छोट्या स्टुडिओत त्याने चार ट्रॅकचं एक जुनं मिक्सर यंत्र बसवलं. चार ट्रॅक म्हणजे चार नळ समजा. ढोल-ताशांचा नळ सोडायचा, गिटारचा बंद करायचा, गायकाचा एखादाच शब्द सोडायचा आणि लगेच बंद! त्या शब्दाला तो प्रतिध्वनी जोडी. टेपच्या यंत्रात आवाज नोंदणारं डोकं आणि वाचणारं डोकं यांत थोडं अंतर असतं. नोंदलेला आवाज क्षणभराने ऐकू येतो, तोच पुन्हा आत सोडला की डोंगरात हाक मारल्यासारखा घुमत राहतो. हेच ते 'डब' संगीत.

एक गोष्ट मात्र मला खटकते. वादकांना बहुधा रेकॉर्डिंगच्या दिवशी एकदाच पैसे मिळत. त्यांच्याच वादनातून पुढे कितीतरी नव्या रेकॉर्डी निघाल्या, तरी त्यांच्या हाती फारसं काही आलं नाही.

१९८९ मध्ये टबीची त्याच्या घराबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. पण त्याच्या हाताखाली शिकलेला जॅमी तोवर पुढे गेला होता. १९८५ साली त्याने वेन स्मिथ या गायकाचं एक गाणं काढलं. त्यात ना ढोल, ना गिटार! सगळा ठेका कॅसिओच्या एका छोट्या की-बोर्डमध्ये आधीपासूनच भरून ठेवलेला. बटण दाबलं की सुरू! अख्खं जमैका त्यावर नाचलं, आणि तो ठेका कारखान्यासाठी तयार करणारी हिरोको ओकुदा तेव्हा तिकडे दूर जपानमध्ये होती.