'आस्क' आणि मराठीतील विनंतीची क्रियापदे

श्रवणबेळगोळ येथे गोम्मटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी लेखात 'करवियलें' हे क्रियापद येते. पूर्वीच्या म्हैसूर संस्थानातील हे स्थान आज हासन जिल्ह्यात आहे. गंगराजांचा मंत्री चावुंडराय याने इ. स. ९८१ च्या सुमारास ही मूर्ती घडविली. मराठी लेखाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी कन्नड 'माडिसिदं' आणि तमिळ 'शेय्वित्तान' यांच्याप्रमाणे 'करवियलें' हेही प्रयोजक रूप आहे, यात शंका नाही. दुसऱ्याकडून काम करवून घेताना आज्ञा झाली की विनंती, हे मात्र त्या रूपात लुप्त राहते.

हीच संदिग्धता इंग्रजी 'आस्क' या क्रियापदात निराळ्या रीतीने आढळते. प्रश्न, मागणी, विनंती व निमंत्रण हे चारही व्यापार ते एकटे वाहते. प्राचीन इंग्रजीत याचनेसाठी मुख्यतः 'बिद्दन' हे क्रियापद होते. पुढे 'आस्क'ने त्याचे क्षेत्र व्यापले. जर्मनमध्ये मात्र 'फ्रागेन' (प्रश्न विचारणे) आणि 'बिटेन' (विनंती करणे) हा भेद आजही टिकून आहे. कन्नड 'केळु' तर ऐकणे, विचारणे आणि मागणे असे तिन्ही अर्थ सामावते.

मराठीला येथे निवड करावी लागते. माणसाला वाट 'विचारतात', त्याच्याकडे पाणी 'मागतात', पाहुण्याला जेवायला 'बोलावतात'. विभक्ती व शब्दयोगी अव्ययही त्यानुसार बदलतात. खरी अडचण 'ही आस्क्ड मी टू कम' अशा साध्या वाक्यात येते. बोलणारा वडीलधारा असेल तर 'त्यांनी मला यायला सांगितले'. आर्जव करणारा असेल तर 'त्याने मला येण्याची विनंती केली'. बरोबरीचा मित्र असेल तर 'तो मला ये म्हणाला'. मूळ वाक्यात अनुक्त राहिलेले नाते अनुवादकाला उघड करावे लागते. सर्वत्र 'विचारले' असे लिहिणाऱ्या अनुवादात पात्रांमधील मानापमान पुसला जातो आणि कित्येकदा वाक्याचा अर्थच बिघडतो.

या शब्दांची व्युत्पत्तीही उद्बोधक आहे. 'मागणे' हे 'मार्ग्', म्हणजे शोधणे, या धातूशी संबद्ध आहे. 'विनवणे' हे 'विज्ञापयति' या प्रयोजक रूपापासून प्राकृतमार्गे आले. त्याचा मूळ अर्थ 'जाणवून देणे' असा होय. कन्नड 'बिन्नह' हा शब्दही याच कुळातला आहे. पेशवेकालीन पत्रांतील 'विज्ञापना' वरिष्ठांपुढे हकीकत ठेवते. फारसीमार्गे आलेल्या 'अर्ज' या अरबी शब्दातही पुढे मांडण्याचाच अर्थ आहे. थोरांपाशी थेट मागण्याऐवजी त्यांना जाणीव करून देणे, हा शिष्टाचार या शब्दांत साठला आहे.

आधुनिक कार्यालयीन मराठीतील 'विनंती करण्यात येते' ही रचना मात्र विनवणाऱ्यालाच अदृश्य करते. बेळगोळच्या लेखात कर्ता 'चावुंडराजें' असा तृतीयेत स्पष्ट उभा आहे. लुप्त आहेत ते ज्यांच्याकडून मूर्ती घडविली ते शिल्पी. म्हणून अशा क्रियापदाचा अनुवाद करताना कोशातील प्रतिशब्द पुरेसा ठरत नाही. कोण, कोणाला, कोणत्या अधिकाराने सांगतो आहे, हे आधी ठरवावे लागते. मराठी क्रियापद त्यानंतरच निवडता येते.