ताव पाहून घाव

नांदेड-लातूरकडील काळ्या जमिनींत नांगराचा फाळ बोथट झाला, म्हणजे शेतकरी तो लोहाराकडे नेतो. लोहार फाळ लाल होईपर्यंत तापवून ठोकतो आणि लाली उतरूं लागतांच तो पुन्हां भट्टींत घालतो. तांबट मात्र भांडें मठारतो तें थंडच. घरांतील तांब्याच्या घागरीवर दिसणारे चकचकीत ठोके हे त्याच थंड घावांचे ठसे; त्यांनींच पातळ पत्रा ताठ होतो.

या दोन्ही विद्या पोलादी नळ्यांच्या घडकामांत एकत्र आल्या आहेत. यंत्रांत नळीभोंवतीं दोन किंवा चार ठोकळे बसविलेले असतात. ते फिरतां फिरतां मिनिटाला हजारों लहान घाव घालतात. घाव चोहों बाजूंनीं पडत असल्यामुळें नळी वाकत नाहीं. ती बारीक होत जाते आणि लांबते. आंतील भोंक मापांत राहावें म्हणून त्यांत कठीण पोलादाची सळई ठेवितात. हेंच काम लेथवर कातून केलें, तर बराच धातू किसाच्या रूपानें वाया जातो. येथें तो केवळ जागचा सरकतो. सायकलच्या चिमट्याचे निमुळते पाय अशा रीतीनें घडवितां येतात.

मग नळी थंडच ठोकावी कीं तापवून? थंड ठोकल्यास माप अचूक येतें, पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि पोलादाचें बळ वाढतें. परंतु त्याचा चिवटपणा कमी होतो; अति ठोकल्यास नळी तडकते. म्हणून मधून मधून ती तापवून सावकाश निववावी लागते. नळी जाड किंवा पोलाद फार कठीण असेल, तर तें ६०० ते ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत ऊन करतात. मग कमी जोर पुरतो, आणि १,१०० अंशांपुढील तप्त कामापेक्षां पापुद्रेही कमी धरतात.

मात्र थंड आणि ऊन यांच्यामध्यें एक फसवा टप्पा आहे. सुमारें ३०० अंशांवर घासलेल्या पोलादावर निळी झांक येते आणि साधें पोलाद त्या तावांत ठिसूळ बनतें. त्या वेळीं घातलेल्या घावांचा दोष निवल्यावरही राहतो. लाली उतरतांच लोहार हात आवरतो, त्याचें एक कारण हेंच.

हल्लीं वजन वांचविण्यासाठीं मोटारींत पोकळ दांडे घालतात. त्यांतील एखादी दडलेली चीर भरधांव गाडींत प्राणांवर बेतूं शकते. नांदेड-लातूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कारखान्यांत जाणाऱ्या तरुणाच्या हातीं लोहाराच्या डोळ्यांऐवजीं तापमापक असतो. नियम मात्र तोच आहे. आधीं ताव पाहावा, मगच घाव घालावा.