गोफण आणि सॉफ्टबॉल

कर्जत-खालापूरकडे भातशेतीवरची पाखरे हाकायला गोफण वापरतात, हे तुम्ही मोठ्यांकडून ऐकले असेल. दोरी सुटताच दगड वर्तुळ सोडून स्पर्शरेषेवर निघतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारी ‘पिचर’ हेच करते. मात्र तिची दोरी म्हणजे तिचा हात!

खांद्याखालून टाकलेला हा चेंडू संथ असेल, असे तुम्हाला वाटते ना? हिशेब करू. अमेरिकेच्या मोनिका अ‍ॅबट हिने २०१२ साली ताशी १२४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३४.४ मीटर वेगाने चेंडू टाकला. महिलांच्या सॉफ्टबॉलमधील अंतर १३.१ मीटर. १३.१ भागिले ३४.४ म्हणजे ०.३८ सेकंद! बेसबॉलमध्ये ताशी १६० किलोमीटरच्या चेंडूला १८.४ मीटर जायला ०.४१ सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंतच सुमारे ०.२ सेकंद जातात. मग बॅट फिरवायला उरते काय?

पण नुसता वेग पुरत नाही. हाताचा एक फेरा अर्ध्या सेकंदाचा धरा. चेंडू सोडायला सेकंदाचा शंभरावा भाग उशीर झाला, तर हात सुमारे ७ अंश पुढे जातो आणि चेंडू फलंदाजापाशी दीड मीटरहून अधिक उंच जातो!

टेनेसी विद्यापीठाकडून खेळताना अ‍ॅबटने २००४ ते २००७ या काळात २,४४० ‘स्ट्राइक-आउट’ मिळवले. तो क्षण तिने किती वेळा अचूक साधला असेल, याचा आता तुम्हीच विचार करा.

दोरीला चिंध्यांचा चेंडू बांधून मोकळ्या मैदानावर फिरवा आणि सोडा. समोरच्या झाडाला किती वेळा लागतो, ते मोजा.