खडू, पेला आणि किंचाळणारा ब्रेक

फळ्यावर लिहिताना खडू मध्येच कर्कश ‘चीं’ करतो आणि सगळा वर्ग कानांवर हात ठेवतो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. त्यावरचा उपायही बहुतेकांना सवयीने माहीत असतो. खडू थोडा आडवा धरायचा, नाहीतर मोडून अर्धा करायचा. आवाज बंद होतो. गंमत अशी, की या उपायात खडू आणि फळा यांच्यामधले घर्षण आपण कमी केलेले नसते. अक्षर पूर्वीइतकेच ठसठशीत उमटते.

लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबला की कधी कधी असाच आवाज येतो. दोन माणसे, मागे बांधलेले सामान, पुढे घाटाचा उतार, आणि प्रत्येक वळणावर ती किंचाळी. मग कोणीतरी सांगते, ‘साखळीला मारतो तो तेलाचा फवारा जरा डिस्कवर मार, आवाज गेलाच म्हणून समज.’ आवाज खरोखरच जातो. त्याबरोबर ब्रेकही जातो. तेलाने आवाज का जातो आणि तेलाशिवाय तो कसा घालवता येतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शाळेतल्या भौतिकशास्त्रात दडलेली आहेत.

प्रथम रचना पाहू. पुढच्या चाकाबरोबर पोलादाची एक चकती फिरत असते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना ब्रेक पॅड असतात. ते कॅलिपर नावाच्या चिमट्यासारख्या भागात बसवलेले असतात. हँडलवरचा लिव्हर दाबला की नळीतल्या ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला चिमटीत धरतात. गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकाकडे झुकत असल्याने थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. म्हणून त्याच्याशी केलेला खेळ महागात पडतो.

ही उष्णता केवढी आणि तिच्या मानाने आवाज केवढा? थोडा हिशेब करू. माणसे व सामान धरून गाडीचे वस्तुमान ३५० किलोग्रॅम आहे, वेग ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर आहे आणि तो दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो आहे, असे समजू. बल ७०० न्यूटन, म्हणून ब्रेकची शक्ती ३,५०० वॉट. आता आवाज. एक मीटर अंतरावर १०० डेसिबल, म्हणजे चांगलाच कानठळ्या बसवणारा, असे धरले तर त्या अंतरावर तीव्रता दर चौरस मीटरला ०.०१ वॉट होते. एक मीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे १२.६ चौरस मीटर. म्हणजे सगळा आवाज मिळून जेमतेम अष्टमांश वॉट! ब्रेकमध्ये खर्च होणाऱ्या शक्तीचा सुमारे २८ हजारावा भाग. घर्षणाच्या या प्रचंड व्यवहारातून इतकी किरकोळ रक्कम कंपनांकडे वळली, तरी सारा रस्ता मागे वळून पाहतो.

ही रक्कम वळते कशी? समजा पॅड जागच्या जागी किंचित पुढेमागे थरथरतो आहे. तो डिस्कच्या दिशेने सरकतो तेव्हा दोहोंमधला सापेक्ष वेग कमी होतो, उलट परततो तेव्हा वाढतो. आता सापेक्ष वेग कमी असताना घर्षणबल थोडे जास्त आणि वेग वाढला की थोडे कमी असेल (कमी वेगाला पुष्कळ पदार्थांत तसे असते), तर डिस्क पॅडला जाताना जरा जास्त जोराने ओढते आणि येताना जरा कमी जोराने अडवते. झोका पुढे जाताना हलकाच धक्का द्यावा आणि परतताना हात बाजूला घ्यावा, तसेच हे. प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा जमा होते आणि थरथर वाढत जाते. व्हायोलिनच्या गजाने तार वाजते तीही अशीच. तार गजाला चिकटून ओढली जाते, सुटते, पुन्हा चिकटते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये याच विषयावर बरीच वर्षे काम केले. गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवरचा त्यांचा मोठा प्रबंध १९१८ सालचा, म्हणजे ‘रामन परिणामा’च्या दहा वर्षे आधीचा आहे. विद्यार्थ्यांना हे सहसा सांगितले जात नाही.

पण एवढ्याने ब्रेकचे कोडे सुटत नाही. घर्षण वेगाबरोबर फारसे बदलत नसतानाही ब्रेक किंचाळतात, असे प्रयोगांत आढळते. याचे एक उत्तर आर. टी. स्पर या संशोधकाने १९६१ मध्ये दिले. ते समजायला प्रयोगशाळा नको, काठी पुरे. काठी मागे तिरकी ठेवून ओढत नेली तर ती सुखाने सरकत येते. तीच पुढे तिरकी टेकवून ढकलली तर जमिनीत रुतते, वाकते आणि उसळी मारून सुटते. रुतण्याचे कारण असे, की घर्षण तिला जमिनीवर अधिक दाबते आणि त्या दाबाने घर्षण आणखी वाढते. पॅडच्या ज्या कडेकडून डिस्क आत शिरते त्या कडेवरच पॅड टेकला, तर त्याची या काठीसारखी गत होते. रुतणे, वाकणे, सुटणे सेकंदाला हजारो वेळा चालते. उभा धरलेला खडू किंचाळतो आणि आडवा धरलेला गप्प बसतो, त्यातही कोनाचा असाच वाटा आहे. पुढच्या संशोधकांनी या विचाराचा विस्तार केला. डिस्कची आणि पॅडची स्वाभाविक कंपने वारंवारितेने एकमेकांच्या जवळ आली की घर्षण त्यांची गाठ मारून देते आणि ती एकमेकांना पोसू लागतात, असे आज मानले जाते.

गाते कोण?

थरथर पॅडपाशी सुरू झाली तरी तिचा आवाज मोठा करून हवेत फेकणारी मुख्यतः डिस्कच असते. स्टीलचे ताट बोटावर तोलून चमच्याने वाजवा. ते बराच वेळ झणझणत राहते. बिडाचा तवा वाजवला तर ‘ठक’ होऊन आवाज मरतो. बिडामध्ये ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात व त्यांत कंपनांची ऊर्जा जिरते. या जिरण्याला अवमंदन म्हणतात. मोटारींच्या डिस्क बहुधा बिडाच्या असतात. मोटारसायकलची डिस्क मात्र उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. तिला गंज दिसू नये आणि ती पातळ, हलकी राहावी म्हणून ती बहुधा स्टेनलेस स्टीलची करतात. म्हणजे आपण चाकाला एक उत्तम झांजच बांधलेली असते!

एर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या कडेवर गज ओढला आणि वाळूच्या सुंदर आकृत्या मिळवल्या. पत्रा जिथे हलत नाही त्या रेषांवर वाळू गोळा होते. किंचाळणाऱ्या डिस्कवरही अशाच न हलणाऱ्या रेषा व त्यांच्यामध्ये आतबाहेर थरथरणारे भाग असतात. लेसर होलोग्राफीने त्यांची चित्रे घेतलेली आहेत.

डिस्क आपल्या स्वाभाविक वारंवारितेनेच गाते, याचा पुरावा वर्गात मिळवता येतो. आवाजाची वारंवारिता दाखवणारे ॲप आजकाल मोबाइलवर फुकट मिळते. मोकळ्या मैदानावर एखाद्या शिक्षकाने गाडी हळू चालवून ब्रेक लावावा आणि विद्यार्थ्यांनी लांब उभे राहून आवाज टिपावा. चाक त्या वेळी सेकंदाला दोन-तीन फेरे घेत असते, पण आवाज काही हजार हर्ट्झचा भरतो. गाडी मंदावत जाते तरी स्वर जवळजवळ तोच राहतो. चाकाच्या फेऱ्यांमुळे आवाज होत असता, तर तो वेगाबरोबर उतरत गेला असता. ब्रेकची किंचाळी साधारण १,००० ते १५,००० हर्ट्झ या पट्ट्यात असते आणि आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झला सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणून ती एवढी झोंबते.

आता मुख्य प्रयोग. पातळ काचेचा, दांडीचा पेला घ्या. बोट साबणाने धुऊन, ओले करून पेल्याच्या काठावर गोल फिरवा. पेला गाऊ लागेल. आता त्याच बोटाला तेलाचा थेंब लावा. पेला मुका होतो. बोट पुन्हा स्वच्छ धुवा, पेला गाऊ द्या आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे पेल्याच्या अंगाला हलकेच टेकवा. याही वेळी पेला मुका होतो. पहिल्या वेळी आपण घर्षण घालवले. दुसऱ्या वेळी घर्षण तसेच ठेवून कंपनांची ऊर्जा जिरवली. ब्रेकला फक्त दुसरा मार्ग चालतो.

पहिल्या मार्गाची किंमतही काढून ठेवू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद या दराने मंदावली, तर ती सुमारे २३ मीटरांत थांबते. तेलाने पॅडचा घर्षणांक निम्मा झाला आणि लिव्हर तेवढ्याच जोराने दाबला, तर ४६ मीटर लागतील. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या वळणावर ते २३ मीटर कोठून आणायचे?

उपाय

आधी आवाज ओळखावा. पावसात किंवा रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या दोन-चार वेळा येणारी चीं पाण्याची आणि मळाची असते. ती आपोआप जाते. स्वच्छ, उंच सुराऐवजी खरखर किंवा धातू खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर मात्र गाडी पुढे नेऊ नये. पॅडचा मसाला संपून मागचा पत्रा डिस्कवर घासत असण्याची शक्यता असते. मसाल्याची जाडी पाहणे हे पहिले काम. किती उरला की बदलायचा, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक पॅडवर त्यासाठी खाचही असते.

जाडी पुरेशी असेल तर पॅड बाहेर काढावे. ते बाहेर असताना लिव्हर चुकूनही दाबू नये, पिस्टन बाहेर येतो. आतली काळी धूळ फुंकरीने किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. याला कारण आहे. १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा धातूवर धातू घासून भयंकर आवाज होई. पुढे ब्रेकच्या मसाल्यात ॲस्बेस्टॉस आले व ते अनेक दशके टिकले. त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यास कर्करोग होतो. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली. बाजारातल्या स्वस्त सुट्या पॅडमध्ये ते नसेलच असे आपण धरून चालू नये. ॲस्बेस्टॉस नसले तरी ब्रेकची बारीक धूळ छातीत जाणे बरे नाहीच.

लांबच्या सपाट रस्त्यावर हलके हलके ब्रेक लावत गेले, की पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकू लागतो. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड घासावा. चकाकी गेली की पुरे. मग कानशीने पॅडच्या पुढच्या कडेला एक-दोन मिलिमीटरचा उतार द्यावा. काठी रुतू नये म्हणून तिचे टोक मागे घेण्याचाच हा प्रकार आहे. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी करावी.

पॅडच्या पाठीमागे पातळ पत्र्याची शिम असते. ती सर्व्हिसिंगमध्ये कधी कधी गहाळ होते आणि नेमका तेव्हापासून आवाज सुरू होतो. ही शिम म्हणजे पेल्याच्या अंगाला टेकवलेली बोटे. ती जागेवर बसवून पॅडच्या पाठीवर, पिस्टन टेकतो तेवढ्याच जागी, उच्च तापमानाला टिकणारे ब्रेकचे ग्रीस अगदी पातळ लावावे. ग्रीस पाठीवर चालते, तोंडावर मुळीच नाही. हा फरक मेकॅनिकच्या हाताखालच्या पोरालाही समजावून सांगावा. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोकणच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळी चिखलात अडकतात. मग पॅड तिरका टेकतो आणि वर सांगितलेली काठीची अवस्था होते. पिना साफ करून त्यांना सिलिकोन ग्रीस द्यावे व कॅलिपरचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावे. यातले काही जमेल की नाही अशी शंका असेल, तर काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे. हा काही सराव करून पाहण्याचा भाग नव्हे.

पॅडवर तेल किंवा ब्रेक ऑइल सांडलेले असेल तर पॅड सरळ टाकून द्यावे. गॅसच्या ज्योतीवर धरून तेल जाळायची पद्धत काही गॅरेजांत दिसते. मसाल्यात मुरलेले तेल सगळे जळत नाही आणि मसाल्याला धरून ठेवणारे राळेचे बंधक मात्र खराब होते.

जोडणी झाल्यावर लिव्हर घट्ट लागेपर्यंत जागीच चारपाच वेळा दाबावा, मगच गाडी हलवावी. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत वेग उतरवत दहा-पंधरा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावावा, मध्ये थोडे अंतर जाऊ द्यावे, म्हणजे डिस्क निवते आणि पॅडचा मसाला तिच्यावर सारखा बसतो. एवढे झाल्यावरही गाडी अगदी थांबता थांबता बारीकशी चीं उरली, तर ती राहू द्यावी.